दिल्ली युनिव्हर्सिटीची झेरॉक्स केस: कॉपीराइट नेमका कोणासाठी?

एमए करताना आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान होतं. सरांनी लायब्ररीतलं पुस्तक तिथे एकदा नेऊन दिलं की त्यातल्या हव्या त्या पानांची मास्टर कॉपी दुकानदाराकडे राहायची, मग वर्षभर जो तो जाऊन "दुसऱ्या सेमचा पेपर तीन द्या" म्हणायचा की दोन मिनिटांत स्पायरल मारलेला गठ्ठा हातात. लायब्ररीच्या पुस्तकावर कुणीतरी कधीतरी पेन्सिलने मारलेल्या रेघा त्या गठ्ठ्यात तशाच उतरलेल्या असायच्या, डाव्या पानांची शेवटची दोन-तीन अक्षरं बाइंडिंगच्या घडीत गेलेली असायची, आणि एका पानावर तर पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा काळाकुट्ट छापला गेला होता. लायब्ररीत त्या पुस्तकाची कॉपी एकच, वर्गात आम्ही पन्नासच्या वर, आणि नवीन पुस्तकाची किंमत घरून येणाऱ्या महिन्याच्या पैशाच्या निम्मी. त्या गठ्ठ्यांवरच माझं एमए झालं.

म्हणून २०१२ साली दिल्लीची बातमी वाचली तेव्हा ती लांबची वाटलीच नाही. त्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली हायकोर्टात दावा टाकला, आणि तो कोणावर तर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाच्या एका छोट्या दुकानावर, सोबत प्रतिवादी म्हणून खुद्द दिल्ली युनिव्हर्सिटी. नुकसानभरपाई मागितली ६० लाख रुपये. कोर्टाने कमिशनर नेमला, तो दुकानात गेला, तिथल्या कोर्स पॅकची तपासणी झाली, आणि १७ ऑक्टोबर २०१२ ला अंतरिम आदेश आला की दाव्यातल्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत दुकानाने कोर्स पॅक बनवायचेही नाहीत आणि विकायचेही नाहीत. ऐन सेमिस्टरच्या मध्यात.

कोर्स पॅक म्हणजे काय ते आधी नीट सांगतो, कारण सगळी भांडणाची मेख तिथेच आहे. एमएच्या एका पेपरला शिक्षक वाचायची यादी देतात, त्यात एका पुस्तकाचं तिसरं प्रकरण, दुसऱ्याची वीस पानं, तिसऱ्या कुठल्या संपादित ग्रंथातला एक लेख असं असतं, आख्खं पुस्तक वाचायला क्वचितच लावतात. अशी वीस-पंचवीस पुस्तकं एकेका पेपरसाठी कोणी विकत घेत नाही, घेऊच शकत नाही. मग त्या यादीतली तेवढीच पानं झेरॉक्स करून एकत्र बांधली की झाला कोर्स पॅक. रामेश्वरीला युनिव्हर्सिटीनेच कॅम्पसमध्ये जागा आणि लायसन्स दिलं होतं, युनिव्हर्सिटीला महिन्याला ३००० कॉप्या काढून द्यायच्या आणि विद्यार्थ्यांकडून पानाला ४० पैसे घ्यायचे असा तो करार. पुस्तकं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीची, म्हणजे रीतसर विकत घेतलेली. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की पॅकमध्ये घेतलेला भाग सरासरी काढली तर मूळ पुस्तकाच्या दहा टक्क्यांच्याही आत आहे.

आता कायदा काय म्हणतो. आपल्याकडे कॉपीराइट म्हटलं की लोकांना फक्त पहिल्या पानावरचं "सर्व हक्क राखीव" आठवतं, पण १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५१ जसं उल्लंघन म्हणजे काय ते सांगतं तसंच त्याच्या पुढचं कलम ५२ उल्लंघन काय *नाही* त्याची लांबलचक यादी देतं. खाजगी वापर आणि संशोधनासाठी योग्य वापर, टीका-परीक्षण, बातमी, आणि त्यातच ५२(१)(आय): शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेत आणि उत्तरपत्रिकेत केलेली नक्कल. हे कोणी दया म्हणून दिलेलं नाहीये. जगातला पहिला कॉपीराइट कायदा म्हणतात तो इंग्लंडचा १७१० चा, त्याच्या नावातच "विद्येला उत्तेजन देण्यासाठी" असे शब्द आहेत, म्हणजे लेखकाला ठराविक मुदतीचा हक्क द्या म्हणजे तो लिहील, छापणारा छापेल आणि लोक शिकतील, असा तो सगळा मामला पहिल्यापासून आहे. मुदत आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० ला गेले, २०११ च्या जानेवारीपासून त्यांचं लिखाण कोणीही छापू शकतं, आणि म्हणूनच आज त्यांच्या पुस्तकांच्या इतक्या प्रकाशकांच्या इतक्या स्वस्त आवृत्त्या दिसतात.

प्रकाशकांची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. ते म्हणत होते की दुकानदार काही शिक्षक नाही आणि विद्यार्थीही नाही, तो पानाला पैसे घेऊन धंदा करतो, मग शिक्षकासाठीची सवलत त्याला कशी लागू होईल? दुसरं, "शिकवण्याच्या ओघात" म्हणजे वर्गात तास चालू असताना, वर्षाच्या सुरुवातीला आख्खा पॅक बांधून ठेवणं म्हणजे तो ओघ नव्हे. तिसरं, शैक्षणिक वापरासाठी उतारे एकत्र करून प्रकाशित करायचे तर ५२(१)(एच) आहे, आणि त्यात एकाच लेखकाचे एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत दोनच उतारे घेता येतात अशी मर्यादा आहे, तर ती मर्यादा डावलून तुम्ही (आय) मध्ये कसे घुसता? आणि शेवटचं, आमच्याकडे लायसन्सची सोय आहे ना, इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन नावाची संस्था आहे, युनिव्हर्सिटीने तिच्याकडून लायसन्स घ्यावं, फी भरावी आणि खुशाल झेरॉक्स काढावं. अमेरिकेतले निकाल तर त्यांच्या बाजूचेच होते, तिथे १९९१ साली किंकोज नावाच्या कॉपी दुकानांच्या साखळीला नेमक्या अशाच कोर्स पॅकसाठी ५ लाख १० हजार डॉलर भरावे लागले, आणि १९९६ ला मिशिगनच्या एका कॉपी दुकानाविरुद्धही तसाच निकाल लागला. त्यामुळे सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटत होतं की इथेही तेच होणार.

पण दिल्लीत एक गोष्ट वेगळी घडली, पोरं गप्प बसली नाहीत. विद्यार्थ्यांनी संघटना काढली, असोसिएशन ऑफ स्टुडंट्स फॉर इक्विटेबल ॲक्सेस टू नॉलेज, आणि थेट कोर्टात अर्ज केला की या दाव्याचा निकाल आमच्या अभ्यासावर लागणार आहे तर आम्हालाही पक्षकार करा. शिक्षक आणि अभ्यासकांची दुसरी संघटना आली, त्यात कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर होते, ज्यांनी हा विषय सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत वर्षानुवर्षं लिहिला आणि २०१९ मध्ये फार लवकर गेले. कोर्टाने दोन्ही संघटनांना केसमध्ये घेतलं. म्हणजे जे भांडण तीन कंपन्या विरुद्ध एक दुकान असं सुरू झालं होतं त्यात ज्यांच्यासाठी ते पॅक बनत होते तेच येऊन उभे राहिले. मला या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

आणि त्याहून बोलकं म्हणजे लेखकांनी काय केलं. मार्च २०१३ मध्ये जगभरातल्या ३०९ अभ्यासकांनी प्रकाशकांना उघड पत्र लिहिलं की हा दावा मागे घ्या, आणि त्या ३०९ पैकी ३३ जण असे होते ज्यांची पुस्तकं दाव्यात नोंदवलेली होती! अमर्त्य सेन स्वतः ऑक्सफर्डचे लेखक, आणि एकेकाळी याच दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवलेले, त्यांनीही आधीच प्रकाशकाला कळवलं होतं की कायद्याचा सगळा जोर लावून हे पॅक बंद पाडू नका. ज्यांच्या हक्कासाठी म्हणून केस चालली होती तेच म्हणत होते की आमचं वाचलं जाऊ द्या. याचं कारण सोपं आहे, प्राध्यापकाचं पोट पुस्तकाच्या रॉयल्टीवर चालत नाही, पगारावर चालतं, त्याला हवं असतं की पुढच्या पिढीने त्याचं म्हणणं वाचावं, त्यावर वाद घालावा, खोडून काढावं. हे सगळ्या लेखकांना लागू नाही हे मला पक्कं माहीत आहे, त्यावर पुढे येतो.

पहिला निकाल यायला चार वर्षं लागली. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांनी लिहिलं की कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, समाजाच्या बौद्धिक भरभराटीसाठी तो बनवलाय, ज्ञानाचं पीक वाढावं म्हणून, अडावं म्हणून नव्हे. निकालात ते स्वतःच्या शिक्षणाच्या काळाबद्दलही लिहितात, तेव्हा विद्यार्थी लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घ्यायचे, कोणी कार्बन लावून मित्रासाठी दुसरी प्रत काढायचं, मग झेरॉक्स मशीन आलं, आता पोरं मोबाइलवर पानांचे फोटो काढतात. त्यांचा मुद्दा असा की जे काम कष्टाने हाताने केलं तर गुन्हा नाही ते मशीनमुळे सोपं झालं म्हणून गुन्हा कसं होईल? दुकानदारावर पण त्यांनी स्पष्ट म्हटलं की युनिव्हर्सिटीने मशीन स्वतः चालवलं काय आणि कंत्राट देऊन चालवून घेतलं काय, काम तेच राहतं.

निकाल वाचून आनंद झालाच, पण खरं सांगायचं तर मला तो जरा जास्तच मोकळा वाटला होता. कष्ट आणि सोय यातला फरक इतका किरकोळ नसतो. हाताने उतरवणारा माणूस दमतो आणि थांबतो, मशीन थांबत नाही, आणि प्रकाशकाला भीती त्या न थांबण्याचीच आहे.

प्रकाशक अपिलात गेले आणि ९ डिसेंबर २०१६ ला डिव्हिजन बेंचचा, म्हणजे त्याच हायकोर्टातल्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा निकाल आला, न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग (हेच पुढे २०१९ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले) आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना. हा निकाल मला जास्त तोललेला वाटतो. बेंचने प्रश्नच असा मांडला की किती पानं किंवा किती टक्के हे मोजायला कायद्यात मापच दिलेलं नाही, तर हेतू बघा, शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घेतलंय का ते बघा. "शिकवण्याचा ओघ" म्हणजे फक्त पन्नास मिनिटांचा तास नाही, शिक्षक अभ्यासक्रम आखतो, वाचन ठरवतो, विद्यार्थी वाचून येतो, मग चर्चा होते, नंतर परत वाचतो, हा सगळा ओघच आहे, आणि यासाठी त्यांनी न्यूझीलंडमधल्या १९९१ च्या एका निकालाचा आधार घेतला. अमेरिकेचे निकाल लागू केले नाहीत, कारण तिथल्या कायद्याची रचना वेगळी, आपल्या संसदेने शिकवण्यासाठी वेगळं कलम लिहून ठेवलंय तर आपण तेच वाचायचं.

बाजार बुडतो या मुद्द्यावर बेंचचं उत्तर मला फार पटलं. हा विद्यार्थी तसाही तुमचा गिऱ्हाईक नव्हता, वीस पानांसाठी तो ती वीस महागडी पुस्तकं घेणार नव्हता, पॅक मिळाला नसता तर लायब्ररीत बसला असता. उलट शिकलेली, कमावती माणसं जास्त तयार झाली तर लांबच्या काळात पुस्तकांचा बाजार वाढतोच. मी माझ्यापुरतं सांगतो, ज्या पुस्तकाची ती अंगठेवाली वीस पानं मी वाचली होती ते पुस्तक पहिल्या पगारातून मी विकत घेतलं, अजून कपाटात आहे, आणि बाइंडिंगच्या घडीत गेलेली ती अक्षरं काय होती ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण बेंचने दार पूर्ण उघडंही टाकलं नाही, हे बातम्यांमध्ये कुणी धड सांगितलं नाही. दोन प्रश्न त्यांनी पुराव्यासाठी परत हायकोर्टातल्याच एकल न्यायाधीशांकडे पाठवले. एक, पॅकमध्ये घेतलेला मजकूर त्या-त्या पेपरच्या शिकवण्याला खरंच लागत होता का. दोन, आख्खी पुस्तकंच्या पुस्तकं झेरॉक्स करणं चालतं का. दुकानावर बंदी घातली नाही, पण कोणते पॅक किती काढले याची नोंद ठेवून दर सहा महिन्यांनी कोर्टात द्यायला सांगितलं. हे मला शहाणपणाचं वाटलं, काम चालू राहू दे पण हिशोब उघडा ठेव.

तो पुरावा कधी झालाच नाही. ९ मार्च २०१७ ला तिन्ही प्रकाशकांनी दावा मागे घेतला, जाताना म्हणाले की विद्यार्थ्यांच्या शिक्षणात कोर्स पॅकची भूमिका महत्त्वाची आहे हे आम्हाला मान्य आहे. मग ती लायसन्सवाली संस्था सुप्रीम कोर्टात गेली, तिथे ९ मे २०१७ ला तिची याचिका फेटाळली गेली. म्हणजे आज हायकोर्टाने लावलेला कायद्याचा अर्थ टिकून आहे, आणि आख्ख्या पुस्तकाचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिलाय.

आता तो मुद्दा जो मघाशी ठेवला होता, सगळ्याच लेखकांचं पोट पगारावर चालत नाही हा. या केसचं नाव घेऊन लोक काहीही खपवतात, "अरे कोर्टानेच सांगितलंय ज्ञान फुकट आहे" असं म्हणत व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या मराठी कादंबरीची पीडीएफ टाकतात. असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. मराठीत हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक, तो कागदाचे पैसे आधी भरतो, प्रूफं स्वतः वाचतो, आणि आवृत्ती संपली तरच पुढचं पुस्तक काढू शकतो. त्याच्या पुस्तकाची पीडीएफ दीडशे जणांच्या ग्रुपवर गेली तर त्यात ना शिक्षक, ना विद्यार्थी, ना शिकवणं. जे वाचक ते पुस्तक घेऊ शकत होते त्यांनीच ते फुकट उतरवून घेतलं, म्हणजे जो गिऱ्हाईक होता तोच गेला. माझ्या ओळखीतल्या एका अनुवादकाने तीन वर्षं खपून केलेलं पुस्तक बाजारात आल्यावर पंधरा दिवसांत त्याच्याच फोनवर फॉरवर्ड होऊन आलं, पाठवणाऱ्याने वर "जरूर वाचा" लिहिलं होतं. त्या माणसाने नंतर दुसरं पुस्तक हातात घेतलेलं नाही. कॉपीराइट नसेल तर नवं लिहिणारा थांबतो, ही भीती खरी आहे, मी ती जवळून बघितली आहे. हेतू बघा हा बेंचचा नियम दोन्ही बाजूंनी चालतो, तो एमएच्या पोराला वाचवतो आणि फॉरवर्ड करणाऱ्याला वाचवत नाही.

अजून एक गोष्ट विद्यार्थ्यांना कोणी सांगतच नाही, कॉपीराइट मांडणीवर असतो, कल्पनेवर नसतो, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे पॅकमधल्या त्या वीस पानांतला सिद्धांत, त्यातली माहिती, त्यातला युक्तिवाद हा वाचला त्या क्षणी तुमचा, तो घ्या, स्वतःच्या शब्दांत मांडा, त्यावर नवं काही उभं करा, पीएचडी करा, धंदा काढा, कोणाची परवानगी लागत नाही. नवं काही निघतं ते असंच निघतं, आणि त्यासाठी ती पानं आधी हातात तर पडली पाहिजेत.

सरकारनेही आता अडचण ओळखलीय असं दिसतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" मंजूर झालं, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार जर्नल्स सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-संशोधकांना. चांगलंच आहे. पण ती जर्नल्स झाली, पुस्तकांचं काय, आणि भाषेचं काय?

कारण आपल्याकडे खरी गाडी अडते ती भाषेवर. दिल्लीतलं सगळं भांडण इंग्रजी पानांचं होतं. लातूरहून, गडचिरोलीहून बीएपर्यंत मराठीत शिकून आलेल्या पोरीच्या हातात चाळीस पैसे पानाने कोर्स पॅक ठेवला तरी पहिला आठवडा ती डिक्शनरीच उघडून बसते. अनुवाद करून द्यावा तर अनुवादाचा हक्कही मूळ लेखकाकडे असतो, विचारावं लागतं, आणि परदेशी प्रकाशकाला मराठीसाठी पत्र लिहिलं तर उत्तर येईलच असं नाही. याच्यावर कायद्यात उपाय आहे, कलम ३२. परदेशी पुस्तकाचा अनुवाद शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी हवा असेल आणि हक्कदार परवानगी देत नसेल किंवा सापडतच नसेल तर रॉयल्टी भरून सक्तीचं लायसन्स मागता येतं, त्यासाठी पुस्तक निघाल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं, पण भाषा जर कुठल्याही विकसित देशात सर्रास वापरली जाणारी नसेल तर एकच वर्ष. मराठी त्यात बसते. लेखकाला पैसे मिळतात, विद्यार्थ्याला मराठी पान मिळतं, कोणाचं काही चोरलं जात नाही. ज्या विद्यापीठांत हजारो मुलं मराठीतून एमए करतात त्यांनी हा अर्ज करायला हवा, एकट्या विद्यार्थ्याच्या किंवा छोट्या प्रकाशकाच्या आवाक्यातलं ते काम नाही.

तोवर पोरं आपली वाट काढतायत. मागच्या वर्षी त्या जुन्या गल्लीत गेलो होतो, दुकान आहे, मशीन नवं आहे. एका मुलीने घेतलेला पॅक बघायला मागितला. इंग्रजी ओळींच्या मधे आणि समासात कुणीतरी बारीक अक्षरात मराठी शब्द लिहिले होते, "सरप्लस" च्या वर "वाढावा", "एजन्सी" पुढे "कर्तेपण" आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. मी विचारलं, तू लिहिलंस का? तर म्हणाली, "नाही सर, हे मास्टर कॉपीतच आहे, आधीच्या कुठल्यातरी बॅचच्या ताईने लिहिलंय, आम्ही सगळे त्याच्यावरच वाचतो."